औषधांना सूट असते, तरीही मुले का दगावतात?

आर्थिक निर्बंधांच्या बहुतेक ठरावांत एक तरतूद हमखास आढळते: औषधे आणि अन्नधान्य यांना निर्बंधांतून सूट राहील. इराकने कुवेतवर कब्जा केल्यानंतर चारच दिवसांनी, ६ ऑगस्ट १९९० रोजी, संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ६६१ क्रमांकाचा ठराव केला. त्यातही निव्वळ वैद्यकीय कारणांसाठी लागणारा माल वगळलेला होता, आणि मानवतावादी निकड असेल तेव्हा अन्नधान्यही वगळलेले होते. असा ठराव वाचणाऱ्याची सहजच समजूत होते की सरकारची, लष्कराची आणि श्रीमंतांची कोंडी होईल, पण आजारी मुलाचे औषध काही अडणार नाही. ही समजूत चुकीची का ठरते, हे या लेखात समजून घ्यायचे आहे. लहान मुलाचा जीव ज्या गोष्टींच्या आधाराने टिकतो, त्यांतल्या बऱ्याचशा गोष्टींना कोणी औषध म्हणत नाही. वीज, क्लोरीन, पंपाचा सुटा भाग, परिचारिकेचा पगार आणि एका बँकेतून दुसऱ्या बँकेत जाणारे पैसे यांची गणना वैद्यकीय मालात होत नाही, आणि युद्ध व निर्बंध नेमके यांवरच येऊन आदळतात.

युद्धात मूल मेले असे ऐकले की आपल्या डोळ्यांसमोर बॉम्बहल्ला उभा राहतो. तसे मृत्यू होतात, आणि त्यांचे गांभीर्य कोणत्याही आकडेवारीने कमी होत नाही. पण दीर्घकाळ चाललेल्या युद्धांत जुलाब, न्यूमोनिया, गोवर, कुपोषण आणि बाळंतपणातली गुंतागुंत यांनी दगावणारी मुले बहुधा शस्त्रांनी मेलेल्या मुलांपेक्षा कितीतरी अधिक असतात. येमेनमधील युद्धाने २०२१ च्या अखेरीपर्यंत सुमारे ३ लाख ७७ हजार बळी घेतले असावेत, असा अंदाज संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाने मांडला होता, आणि त्यांतले जवळपास ६० टक्के मृत्यू अन्न, पाणी व उपचार यांच्या अभावामुळे झालेले, म्हणजे अप्रत्यक्ष होते. आफ्रिकेतील ३५ देशांचा १९९५ ते २०१५ या काळाचा एक मोठा अभ्यास २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सशस्त्र संघर्षाच्या जागेपासून ५० किलोमीटरच्या आत जन्मलेल्या बाळाचा पहिल्या वाढदिवसाआधी मृत्यू होण्याचा धोका सरासरी ७.७ टक्क्यांनी वाढलेला त्यात दिसला. हा परिणाम १०० किलोमीटरपर्यंत पोहोचत होता आणि लढाई थांबल्यावरही काही वर्षे, कुठे कुठे आठ वर्षांपर्यंत, रेंगाळत होता. त्या दोन दशकांत पाच वर्षांखालील सुमारे पन्नास लाख मुलांचे मृत्यू संघर्षाशी निगडित असावेत, असे त्या संशोधकांचे गणित आहे.

हे मृत्यू मुलांच्याच वाट्याला इतके का येतात, याचे उत्तर आधी त्यांच्या शरीरात शोधावे लागते. दहा किलो वजनाच्या मुलाच्या शरीरातून जुलाबावाटे एक लिटर पाणी गेले, तर त्याच्या वजनाचा दहावा हिस्सा गेला, आणि ही जिवावर बेतणारी अवस्था असते. साठ किलोच्या प्रौढाने तेवढेच पाणी गमावले, तर त्याला तहान लागते आणि थकवा येतो. दर किलो वजनामागे तान्ह्या बाळाला प्रौढाच्या दुपटीतिपटीने ऊर्जा लागते, शरीरातला साठा मात्र नगण्य असतो. त्यामुळे प्रौढ माणूस ज्या उपासमारीत आठवडेच्या आठवडे तग धरतो, तीत मूल काही दिवसांतच ढासळते. त्यात कुपोषण आणि संसर्ग एकमेकांना खतपाणी घालतात. अंगावर मांस नसलेल्या मुलाची प्रतिकारशक्ती मंदावते, साधा जुलाबही लांबतो, जुलाबात भूक मरते आणि खाल्लेले अंगी लागत नाही, वजन आणखी घटते आणि पुढचा संसर्ग अधिक सहज होतो. अशा मुलाच्या मृत्यूचे कारण म्हणून न्यूमोनिया किंवा जुलाब असे लिहिले जाते, आणि त्यामागची उपासमार नोंदीत येत नाही.

अतितीव्र कुपोषण ओळखायला फार मोठे यंत्र लागत नाही. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या दंडाभोवती एक रंगीत पट्टी गुंडाळतात. दंडाचा घेर ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी भरला, म्हणजे पट्टी लाल भागात थांबली, की ते मूल अतितीव्र कुपोषित समजले जाते. काही मुलांच्या पायांवर सूज येते आणि ती वरवर गुबगुबीत दिसतात, तीही याच गटात मोडतात. ओळखणे सोपे असले, तरी गुंतागुंत झालेल्या मुलावरचे उपचार तसे सोपे नसतात. अशा मुलाचे हृदय, मूत्रपिंडे आणि आतडी काटकसरीने चालू असतात, त्यामुळे त्याला घाईने सलाईन लावले किंवा एकदम भरपूर खाऊ घातले तर त्यानेच त्याचा जीव जाऊ शकतो. सुरुवातीला १०० मिलिलिटरमागे ७५ किलोकॅलरी देणारे खास दूध, थोडे थोडे, दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा पाजावे लागते. अंगातली साखर उतरू नये आणि अंग थंड पडू नये यावर लक्ष ठेवावे लागते, आणि ताप नसला तरी प्रतिजैविके द्यावी लागतात, कारण इतक्या अशक्त शरीरात तापाची खूणही उमटत नाही. एवढ्यासाठी लागते ते पाहावे: दुधाची पावडर कालवायला निर्जंतुक पाणी, खोली उबदार ठेवायला वीज, रात्रपाळीला जागी असणारी प्रशिक्षित परिचारिका, आणि मुलाला वेळेत तिथवर आणणारे वाहन व सुरक्षित रस्ता. यांतली दुधाची पावडर आणि प्रतिजैविक एवढीच सूट मिळालेल्या यादीत बसतात.

याचा सर्वांत तपशीलवार धडा इराकमध्ये मिळतो. १९९१ च्या जानेवारी-फेब्रुवारीत बहुराष्ट्रीय फौजांनी केलेल्या बॉम्बहल्ल्यांत तिथली वीजनिर्मिती केंद्रे मोठ्या प्रमाणावर निकामी झाली. इराकचे नागरी जीवन तोवर पूर्णपणे विजेवर उभे होते. नदीचे पाणी उपसून, तुरटीने गाळ बसवून, गाळून आणि क्लोरीन मिसळून ते घरोघर पोहोचवणारी केंद्रे विजेवर चालत, आणि सांडपाणी उपसून शुद्धीकरणाकडे नेणारे पंपही विजेवरच चालत. वीज गेल्यावर एकीकडे शुद्ध पाणी येणे थांबले आणि दुसरीकडे मैला रस्त्यांवर आणि नद्यांत आला. जलवाहिन्यांतला दाब कमी झाला की फुटक्या जागांतून बाहेरचे घाण पाणी आत ओढले जाते, म्हणजे जे थोडेफार पाणी नळाला येते तेही दूषित असते. त्या वर्षी कॉलरा आणि विषमज्वर यांच्या साथी आल्या. ऑगस्ट १९९१ मध्ये एका आंतरराष्ट्रीय पथकाने इराकभर घरोघरी पाहणी केली. तिचे निष्कर्ष ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्यानुसार जानेवारी ते ऑगस्ट १९९१ या काळात पाच वर्षांखालील सुमारे ४६,९०० मुलांचे मृत्यू एरवीपेक्षा अधिक झाले होते.

एरवी युद्ध थांबल्यावर पंप दुरुस्त होतात. इथे मात्र निर्बंध कायम राहिले. क्लोरीन हे पाणी शुद्ध करणारे रसायन तसेच रासायनिक शस्त्राचा कच्चा माल, पंप हा पाणी उपसणारा तसाच लष्करी कारखान्यातही चालणारा, असा दुहेरी वापराचा संशय शेकडो वस्तूंवर होता. ठरावाच्याच क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या निर्बंध समितीत सुरक्षा परिषदेचे सर्व सदस्य होते, आणि त्यांतला कोणताही एक सदस्य एखाद्या खरेदीचा करार रोखून धरू शकत असे. रोखलेल्या करारांची रक्कम २००२ च्या सुमारास पाच अब्ज डॉलरच्या आसपास पोहोचली होती. जलशुद्धीकरण केंद्रासाठी सगळी यंत्रे येऊन पडलेली, पण एका सुट्या भागाचा करार रोखलेला, अशा स्थितीत ते केंद्र सुरू होत नाही. कागदोपत्री बहुतांश माल मंजूर झालेला दिसतो, पण नळाला येणारे पाणी दूषितच राहते. शस्त्रास्त्रांची भीती निराधार होती असे म्हणता येणार नाही, कारण इराकी राजवटीने याआधी रासायनिक शस्त्रे प्रत्यक्ष वापरली होती. पण त्या भीतीची किंमत कोण मोजत आहे, याची तपासणी संशय घेणाऱ्यांवर बंधनकारक नव्हती.

इराकी सरकारचीही यात मोठी जबाबदारी आहे. तेल विकून त्या पैशांतून अन्न व औषधे घेण्याचा प्रस्ताव सुरक्षा परिषदेने १९९१ मध्येच मांडला होता. आपल्या सार्वभौमत्वाचे कारण देऊन बगदादने तो फेटाळला आणि ‘तेलाच्या बदल्यात अन्न’ ही योजना प्रत्यक्षात यायला १९९६ उजाडले. तिच्यातले पहिले धान्य मार्च १९९७ मध्ये पोहोचले. मधल्या वर्षांत सरकारी शिधावाटपामुळे सर्वत्र उपासमारीचे थैमान टळले, हेही खरे आहे. पण त्या शिध्यात तान्ह्या बाळांसाठी दुधाची पावडर होती, आणि फुकट मिळणाऱ्या पावडरीमुळे स्तनपान मागे पडले. दूषित पाण्यात कालवलेले बाटलीतले दूध म्हणजे बाळाच्या पोटात थेट जंतू घालणे होय. चांगल्या हेतूने दिलेली वस्तू पाण्याच्या प्रश्नाशी जोडून न पाहिल्यामुळे अपाय करते, ही चूक आपत्तींमध्ये आजही वारंवार होते.

आता आकड्यांकडे वळणे भाग आहे, कारण इराकमधील बालमृत्यूंचा आकडा हा विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकातला सर्वांत वादग्रस्त आकडा ठरला. युनिसेफने १९९९ मध्ये इराकी सरकारच्या सहकार्याने केलेल्या पाहणीत मध्य व दक्षिण इराकमधील पाच वर्षांखालील मुलांचा मृत्यूदर दर हजारी ५६ वरून १३१ वर गेल्याचे दिसले. उत्तरेतील स्वायत्त कुर्द भागात मात्र तो ८० वरून ७२ वर उतरला होता. यावरून पाच लाख मुले निर्बंधांनी मेली, असा निष्कर्ष जगभर पसरला. तेवढाच आकडा त्याआधीच्या एका पाहणीच्या आधारेही चर्चेत होता, आणि मे १९९६ मध्ये एका दूरचित्रवाणी मुलाखतीत तो पुढे ठेवून विचारले असता, अमेरिकेच्या संयुक्त राष्ट्रांतील तत्कालीन राजदूत मॅडेलिन ऑलब्राइट यांनी ही किंमत मोजण्याजोगी आहे असे आपल्याला वाटते, असे उत्तर दिले होते. पुढे या उत्तराबद्दल त्यांनी स्वतःच खेद व्यक्त केला. परंतु २००३ नंतर, राजवट बदलल्यावर, झालेल्या स्वतंत्र पाहण्यांमध्ये १९९० च्या दशकातली ती प्रचंड उसळी दिसलीच नाही. १९९९ च्या पाहणीतले आकडे राजवटीने फिरवले होते, असा निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधाने काढला.

मग निर्बंधांनी काहीच झाले नाही, असा अर्थ काढायचा का? माझ्या मते तो दुसऱ्या टोकाचा चुकीचा अर्थ ठरेल. १९९१ सालची वाढ दुसऱ्या, निराळ्या पथकाने मोजलेली आहे. दशकभर कोसळत गेलेले वेतन, ढासळलेली रुग्णालये आणि पाण्याची दुर्दशा यांच्याबद्दल फारसा वाद नाही. शिवाय बालमृत्यूदर वर चढला नाही, एवढ्याने तो जितका उतरायला हवा होता तितका उतरला, असे सिद्ध होत नाही. आणि मृत्यू हेच एकमेव मोजमाप धरले, तर जगलेल्या पण खुरटलेल्या मुलांची गणती कुठेच होत नाही. मुलांविषयी ज्यांना खरी कळकळ आहे, त्यांनीच आकड्यांच्या बाबतीत सर्वांत काटेकोर असले पाहिजे, कारण एक फुगवलेला आकडा उघडा पडला की त्याच्या आडोशाने खऱ्या मृत्यूंकडेही पाठ फिरवता येते.

त्याच दशकात क्यूबामध्ये वेगळे चित्र होते. सोव्हिएत संघ कोसळल्यावर तिथला व्यापार गडगडला आणि १९९२ मध्ये अमेरिकेने आपली नाकेबंदी आणखी कडक केली. अन्नाची टंचाई इतकी तीव्र झाली की १९९२-९३ मध्ये डोळ्यांच्या व हातापायांच्या नसांच्या विकाराची साथ पन्नास हजारांहून अधिक लोकांत पसरली. जन्मतः कमी वजनाच्या बाळांचे प्रमाणही वाढले. तरीही अर्भक मृत्यूदर मात्र खालीच राहिला. गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांना शिध्यात अग्रक्रम मिळाला, गावोगावचे डॉक्टर आपल्या जागी राहिले, आणि टंचाईचा भार प्रौढांवर, विशेषतः पुरुषांवर व वृद्धांवर, पडला. याने निर्बंध निर्दोष ठरत नाहीत. मात्र एकाच प्रकारच्या आघाताचा मुलांवर किती परिणाम होतो, हे आतली व्यवस्था कुणाला आधी वाचवते यावर बरेच ठरते, आणि जिथे युद्धाने ती व्यवस्थाच मोडली आहे तिथे मुलांच्या मागे दुसरे कोणी उभे नसते, हे त्यातून कळते.

लसीकरणाचे गणित याहून नाजूक आहे. गोवराला थोपवायचे तर सुमारे ९५ टक्के मुलांना लस मिळालेली असावी लागते, आणि बहुतेक लसी कारखान्यापासून दंडापर्यंत २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात राहाव्या लागतात. वीज, बर्फ, शीतपेट्या, इंधन आणि घरोघर फिरणारे कर्मचारी यांची ही साखळी युद्धात तुटायला वेळ लागत नाही. सीरियातून १९९९ नंतर पोलिओ हद्दपार झाला होता. युद्ध पेटल्यावर लसीकरण कोसळले आणि २०१३ मध्ये देर एझ-झोर प्रांतात मुले लुळी पडू लागली. त्या साथीत ३६ मुलांना पक्षाघात झाला. गाझामध्ये जुलै २०२४ मध्ये सांडपाण्याच्या नमुन्यांत पोलिओचा विषाणू सापडला आणि ऑगस्टमध्ये दहा महिन्यांच्या एका बाळाला पक्षाघात झाल्याचे निश्चित झाले. तिथला तो पंचवीस वर्षांतला पहिला रुग्ण होता. त्या बाळाचे जवळजवळ सगळे आयुष्य युद्धात गेले होते आणि नेहमीच्या लसीकरणापर्यंत ते पोहोचूच शकले नव्हते. सप्टेंबरमध्ये भागाभागांत ठरावीक तास लढाई थांबवून साडेपाच लाखांहून अधिक मुलांना पोलिओचे थेंब पाजण्यात आले. लढणारे पक्ष ठरवतील तर काय करू शकतात, हे याआधी १९८५ मध्ये एल साल्वाडोरमध्ये दिसले होते. तिथे यादवी चालू असताना मुलांच्या लसीकरणासाठी सरकार आणि बंडखोर दोघांनी लढाई थांबवली, आणि सुमारे अडीच लाख मुलांना लस मिळाली.

अलीकडच्या निर्बंधांत जहाजे अडवण्यापेक्षा बँका अडवणे अधिक चालते, आणि ही रीत सामान्य वाचकाच्या लक्षात सहजी येत नाही. अमेरिकेने २०१८ मध्ये इराणवर पुन्हा निर्बंध घातले तेव्हा औषधे व वैद्यकीय साहित्य यांना सूट होती. त्याच सुमारास जन्मतःच त्वचा अत्यंत नाजूक असलेल्या मुलांची तिथे कोंडी झाली. या आनुवंशिक विकारात जरा घासले तरी कातडी सुटते आणि अंगभर भाजल्यासारख्या जखमा होतात. साधी पट्टी लावली तर ती काढताना जखमेवरची कातडीही सोबत निघते, म्हणून या मुलांना जखमेला न चिकटणारी फोमची पट्टी लागते. ती बनवणाऱ्या युरोपीय कंपनीने इराणला पुरवठा थांबवला. पट्टी निर्बंधांच्या यादीत नव्हती. पण पैसे ज्या बँकांतून यायचे त्यांना अमेरिकी दंडाची धास्ती होती, प्रत्येक व्यवहाराची कायदेशीर छाननी महागडी होती, आणि इतक्या छोट्या बाजारपेठेसाठी ती जोखीम घ्यायला कोणी तयार नव्हते. कायद्याने जेवढे मना केले आहे त्याच्याही पुढे जाऊन व्यवहार टाळण्याच्या या प्रवृत्तीवर कोणत्याही ठरावातली सूट लागू होत नाही, कारण इथे कोणी नियम मोडलेलाच नसतो. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०१८ रोजी अमेरिकेला दिलेल्या अंतरिम आदेशात औषधे, वैद्यकीय साहित्य आणि अन्न यांबरोबरच त्यांचे पैसे चुकते करण्यात अडथळा येऊ नये, असे म्हटले, ते याच कारणाने.

अफगाणिस्तानात ऑगस्ट २०२१ नंतर प्रश्न पगाराचा झाला. त्याआधी तिथल्या सरकारी खर्चाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग परदेशी मदतीतून भागत असे. तालिबानने सत्ता घेताच ती मदत थांबली, मध्यवर्ती बँकेची परदेशातील सुमारे नऊ अब्ज डॉलरची गंगाजळी गोठवली गेली, आणि बँकांतून रोख रक्कम मिळेनाशी झाली. डॉक्टर आणि परिचारिका महिनोन्‌महिने बिनपगारी काम करत राहिल्या. ऑक्सिजन, जनरेटरचे डिझेल, रुग्णांचे जेवण यांसाठी पैसे उरले नाहीत. अखेर रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीने काबूलच्या इंदिरा गांधी बाल रुग्णालयासह अनेक रुग्णालयांचे पगार आणि चालू खर्च काही काळ स्वतः उचलले. आणीबाणीत औषधांच्या पेट्या पाठवणाऱ्या संस्थेला एका देशातल्या रुग्णालयांची पगारपत्रके सांभाळावी लागणे, ही गोष्टच पुरेशी बोलकी आहे.

जी मुले या काळात जन्मलीच नव्हती, त्यांच्यावरही परिणाम होतो, याचा सर्वांत काळजीपूर्वक अभ्यासलेला पुरावा नेदरलँड्सचा आहे. १९४४ च्या सप्टेंबरमध्ये डच रेल्वे कामगारांनी दोस्त राष्ट्रांच्या मदतीसाठी संप केला, त्याच्या सूडापोटी जर्मन सैन्याने पश्चिम भागाकडे जाणारे अन्न अडवले, आणि त्या हिवाळ्यात शिधा दिवसाला हजार किलोकॅलरींच्याही खाली, काही आठवडे तर ४०० ते ८०० वर उतरला. मे १९४५ मध्ये देश मुक्त झाल्यावर अन्न लगेच उपलब्ध झाले. उपासमारीचा प्रारंभ आणि शेवट इतका स्पष्ट असल्याने आणि जन्माच्या नोंदी नीट ठेवलेल्या असल्याने, गर्भावस्थेच्या कोणत्या टप्प्यात उपासमार झाली हे दशकांनंतरही ताडून पाहता आले. ज्या बाळांना गर्भातल्या शेवटच्या महिन्यांत उपासमार सोसावी लागली ती कमी वजनाची जन्मली. ज्यांना सुरुवातीच्या महिन्यांत ती सोसावी लागली, त्यांचे जन्माचे वजन नेहमीसारखेच होते, पण प्रौढपणी त्यांच्यात स्थूलता आणि हृदयविकार यांचे प्रमाण अधिक आढळले, आणि उपासमार ऐन भरात असताना गर्भ राहिलेल्यांत स्किझोफ्रेनियाचे प्रमाणही वाढलेले दिसले. म्हणजे जन्मतः धडधाकट दिसणाऱ्या बाळाला काही झाले नाही, असे धरून चालता येत नाही. गर्भातले आणि जन्मानंतरच्या दोन वर्षांतले दिवस उपासमारीत गेले, तर उंचीबरोबर मेंदूची वाढही खुंटू शकते, आणि नंतर भरपूर खायला मिळाले तरी ती सगळी भरून येत नाही.

मनावरच्या परिणामांचेही असेच आहे. सतत भीतीच्या छायेत असलेल्या मुलाच्या शरीरात ताणाची संप्रेरके वाढलेली राहतात, झोप उडते, अंथरूण ओले होते, शिकलेले शब्द मागे पडतात. आईवडिलांपैकी कोणीतरी जवळ आणि भानावर असणे हे यावरचे मोठे संरक्षण असते. जखमी मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात येत नाही: पाय गमावलेल्या मुलाचे हाड वाढतच राहते, त्यामुळे त्याला पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया लागू शकते आणि वाढीच्या वयात कृत्रिम पाय वारंवार बदलावा लागतो. युद्ध संपल्यानंतरही कितीतरी वर्षे ते मूल अशा कार्यशाळेवर अवलंबून असते, जिला साचे, प्लास्टिक आणि सुटे भाग बाहेरून मागवावे लागतात.

या सगळ्या अंधारात काही साधने अशीही आहेत की ज्यांना पाणी, वीज आणि रुग्णालय यांची गरज कमी लागते, आणि त्यांतल्या एका साधनाची मोठी कसोटी युद्धातच लागली. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून सीमा ओलांडून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत कॉलऱ्याचे थैमान होते आणि शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले होते. डॉ. दिलीप महालनबिस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचे मिश्रण पाण्यात कालवून ते रुग्णांना तोंडाने पाजायला नातेवाइकांनाच सांगितले. आधी ३० टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आले. आज जलसंजीवनी म्हणून ओळखले जाणारे हे द्रावण तोवर प्रयोगांत यशस्वी ठरले होते, पण प्रशिक्षित कर्मचाऱ्यांशिवाय, गर्दीत आणि चिखलात ते चालेल यावर अनेकांचा विश्वास नव्हता. कुपोषणात हेच काम शेंगदाण्याच्या तयार आहाराच्या पाकिटाने केले. सुमारे ९२ ग्रॅमच्या एका पाकिटात ५०० किलोकॅलरी असतात, त्यात पाणी मिसळावे लागत नाही, ते शिजवावे लागत नाही, आणि गुंतागुंत नसलेले मूल घरीच बरे होऊ शकते. पण ही साधनेही कोणीतरी विकत घ्यावी लागतात, जहाजात चढवावी लागतात, त्यांचा विमा उतरवावा लागतो आणि त्यांचे पैसे चुकते करावे लागतात.

त्या दिशेने एक ठोस पाऊल पडले आहे. ९ डिसेंबर २०२२ रोजी सुरक्षा परिषदेने २६६४ क्रमांकाचा ठराव केला आणि मालमत्ता गोठवण्याच्या सर्व संयुक्त राष्ट्र निर्बंधांना मानवतावादी मदतीसाठी अपवाद लावला. आधीप्रमाणे प्रत्येक देशासाठी, प्रत्येक मालासाठी वेगळी परवानगी मागावी लागू नये, आणि मदत पोहोचवण्यासाठी लागणारे पैशांचे व्यवहारही त्या अपवादात यावेत, हा त्याचा गाभा आहे. पगार आणि पंप यांबद्दलचा इराक-अफगाणिस्तानचा अनुभव त्यामागे स्पष्ट दिसतो. मात्र हा ठराव आपोआप लागू होतो तो फक्त संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंधांना. एखाद्या देशाने किंवा देशांच्या गटाने स्वतःहून घातलेले निर्बंध त्याच्या कक्षेबाहेर राहतात, आणि तिथे असा अपवाद ठेवायचा की नाही, ठेवला तर किती रुंद, हे ज्याचे निर्बंध तोच ठरवतो. २०२५ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १५२ देशांच्या पाच दशकांच्या आकडेवारीवरील अभ्यासात मृत्यूदराशी ठळक संबंध आढळला तो अशाच एकतर्फी निर्बंधांचा. त्यांच्याशी निगडित मृत्यूंचा अंदाज वर्षाला साडेपाच लाखांच्या वर आहे, आणि अशा मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक पाच वर्षांखालील मुलांचे आहेत. देशांची तुलना करून काढलेल्या या अंदाजावर पुढे चर्चा होत राहील आणि व्हायलाही हवी. परंतु निर्बंध घालण्याआधी तिथल्या पाण्याची, विजेची, पगारांची आणि बँक व्यवहारांची काय अवस्था होईल याचा लेखी अंदाज मांडणे, आणि दर काही महिन्यांनी तो प्रत्यक्षाशी ताडून पाहणे, हे काम करायला ती चर्चा संपण्याची वाट पाहण्याची गरज नाही.